ह्येच्या वर न्हाई

आमच्या कोल्हापुरात माणसाची पारख आवाजावरून होते. ‘काय म्हंतासा?’ एवढं साधं विचारायचं असलं तरी आम्ही ते रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या माणसालाही उत्तर देता यावं अशा बेतानं विचारतो. हळू बोलणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर पुण्याहून आलेला असतो. त्यामुळे छोट्या हत्तीतून चार जणांनी उचलून एक भलंमोठं यंत्र मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात उतरवलं, तेव्हा गोळा झालेल्या पोरांनी जे विचारलं ते रीतीला धरूनच होतं. ‘काकू, किती वॅट?’ मी म्हटलं, ‘शून्य.’ लंगोट कसून आखाड्यात उतरलेल्या पैलवानानं नुसती माती कपाळाला लावावी आणि घरी निघून जावं, तसे त्यांचे चेहरे झाले.

पण खरंच शून्य. ते आवाजाचं मिश्रण करायचं टेबल आहे. सोळा चॅनेल, प्रत्येकाच्या वाट्याला डझनभर बटणं, खालच्या अंगाला सरकणारे सोळा फेडर, त्यांच्यावर हुकमत चालवणारा एक मास्टर, आणि माथ्यावर दोन काट्यांच्या काचा. बाजूंना लाकडी फळ्या, वजन चाळीस किलोच्या आसपास. आणि एवढा सगळा सरंजाम असून त्याला तोंडच नाही. माइक येऊन मिळतात ते इथं. पण पुढचा अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, कर्णा वेगळा. याचं काम फक्त ठरवण्याचं. पुढं कोण, मागं कोण, कुणाच्या आवाजातली धार जरा मोडायची, कुणाला थोडी गोलाई द्यायची. जुन्या वाड्यात एखाद्या आत्याबाई असायच्या. त्या स्वतः कधी पाटावर बसत नसत, पण पहिल्या पंगतीला कोण बसणार हे त्यांच्या भुवईवर ठरायचं. तसं हे यंत्र.

ते मला भेटलं लक्ष्मीपुरीत, मंडप-स्पीकरचा धंदा आवरायला काढलेल्या एका दुकानात. मी गेले होते आमच्या भजनी मंडळाच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या सांगायला. कोपऱ्यात अर्धवट ताडपत्रीखाली हे पडलेलं. त्यावर चहाचे पेले, पावतीपुस्तक आणि एक मांजर. मांजर नेमकं मास्टर फेडरवर अंग टाकून झोपलं होतं. त्या आसनासाठी याहून लायक प्राणी मला अजून सुचलेला नाही. दुकानाचे मालक सत्तरीच्या पुढचे, सगळ्या गल्लीचे मामा. ‘ह्ये व्हय? ह्ये माझ्या भावाचं,’ मामा म्हणाले. ‘त्यो हुता तवर ह्येला मान हुता. आता पोरं डॉल्बी लावत्यात, त्यास्नी ह्यो कशाला लागतोय? भंगारवाला म्हंतोय, वजनावर नेतो.’ वजनावर, हा शब्द मला लागला. ज्या वस्तूनं आयुष्यभर दुसऱ्यांचं वजन कमीजास्त केलं, तिला शेवटी तागडीत घालायचं? मी भंगाराच्या भावाहून थोडं जास्त देऊन ते घेतलं. थोडं म्हणजे किती, ते इथं लिहीत नाही. आमचे हे हा अंक वाचतात.

परदेशात या वेडाला मोठी प्रतिष्ठा आहे. लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी स्टुडिओनं १९७३ साली रूपर्ट नीव्ह यांच्या कंपनीचं टेबल सुमारे ७५ हजार डॉलरला घेतलं होतं. पुढं स्टुडिओचा कारभार आटोपला, तेव्हा डेव्ह ग्रोल या वादकानं २०११ मध्ये ते विकत घेऊन आपल्या स्टुडिओत नेलं आणि २०१३ मध्ये त्यावर अख्खा माहितीपट काढला. माझ्यावर माहितीपट निघायची काही चिन्हं नाहीत. यंत्र माजघरात ठेवल्यावर आमच्या ह्यांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, ‘अगं, यावर इस्त्री करता येईल का?’

मी मात्र निवांत होते, कारण यंत्रांची पोटं उघडून बघणं हे या गावाचं जुनं व्यसन आहे. आनंदराव आणि बाबूराव या दोघा पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा आपल्या हातानं घडवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी आपले शिष्य दामले यांना हाताशी धरून तो तडीला नेला. त्यातून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला आणि लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ठरवलं. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. भाजी घेऊन येताना मी त्याच्याकडे बघते. देवांचे, राजांचे, पुढाऱ्यांचे पुतळे सगळ्या गावांत असतात. एका यंत्राला चौकात उभं करण्याइतका जिव्हाळा फार थोड्या गावांना सुचला असेल.

हेच दामले पुढं ‘प्रभात’ फिल्म कंपनीत आवाजाकडे वळले. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, मराठीतला पहिला बोलपट, इथं कोल्हापुरात झाला. दिग्दर्शन शांतारामबापूंचं, ध्वनिमुद्रण दामल्यांचं, आणि राजा हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, ज्यांच्या पेटीवर एके काळी महाराष्ट्र जीव टाकत होता. त्या काळी गाणं कॅमेऱ्यासमोर उभं राहून खरोखरच म्हणावं लागे, साथीदारांना चौकटीबाहेर दडवावं लागे, आणि मिश्रण म्हणजे माणसं उचलून इकडची तिकडं ठेवणं. तबला अंगावर येतोय? तबलजीला दोन हात मागं घ्या. पेटी दबतेय? पेटीवाल्याला पुढं सरकवा. फेडर म्हणून हाडामांसाची माणसं सरकत होती, सतरंजीसकट. एखाद्या मानी तबलजीला मागं सरका म्हणून सांगताना काय मुत्सद्देगिरी करावी लागली असेल, या विचारानं मला आजही गुदगुल्या होतात. ‘बुवा, तुमच्या हाताला तेज फार आहे हो, माइकला सोसवत नाही,’ असं काहीतरी म्हणत असतील. बोटाएवढी दांडी खाली ओढायला एवढं गोड बोलावं लागत नाही, हा विज्ञानाचा फायदा म्हणायचा की तोटा, मला ठरवता येत नाही.

त्याच्याही आधी तर माइकच नव्हता. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभं केलं, तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. तिथं नटानं आपला आवाज आपल्या छातीच्या जोरावर पिटापर्यंत नेऊन पोचवायचा. मागच्याला ऐकू आलं नाही तर तो तसं मोठ्यानं सांगायचा, म्हणजे मिश्रण करणारा माणूस शेवटच्या रांगेत तिकीट काढून बसलेला असायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते नाट्यगृह जळालं. त्याच्याबद्दल हलक्या हातानं लिहिणं मला अजून जमत नाही, तेव्हा पुढं जाते.

कोल्हापुरातून गेलेल्या शांतारामबापूंनी १९४२ मध्ये मुंबईत ‘राजकमल’ स्टुडिओ काढला आणि तिथं मिश्रणाच्या टेबलाशी मंगेश देसाई बसू लागले. ‘शोले’चं काम त्यांच्याही हातांखालून गेलं. त्यातला रिकामा झोपाळा आठवा, त्याची ती करकर. वारा आहे, संगीत आहे, आणि या सगळ्यांतून तो गंजका आवाज नेमका काळजापर्यंत येतो. तो किती वर आणायचा हे अंधाऱ्या खोलीत बसलेल्या कुणाच्या तरी बोटानं ठरवलेलं असतं. आपण घरी येताना संवाद म्हणत येतो, गाणी म्हणत येतो. त्या बोटाचं नाव घेत कुणी थिएटरातून बाहेर पडल्याचं मी पाहिलेलं नाही.

दुरुस्तीसाठी राजारामपुरीतल्या एका जुन्या रेडिओ मिस्त्रींना गाठलं. त्यांनी तळाचं पत्र्याचं झाकण काढलं, विजेरी मारून बराच वेळ आत बघितलं आणि डॉक्टरनं नातेवाइकांना सांगावं तशा सुरात म्हणाले, ‘वैनी, मेलेला न्हाई ह्यो. तहानलाय.’ निदान अक्षरशः बरोबर होतं. अशा यंत्रांत इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर नावाची छोटी छोटी नळकांडी असतात. त्यांच्या पोटात ओलावा असतो, आणि वीस-तीस वर्षांत तो हळूहळू सुकतो. मग यंत्र खर्ज हरवतं, घरघरू लागतं, कुठं कुठं गप्पच होतं. माणसाचंही साधारण याच क्रमानं होत असावं. फक्त आमच्यासाठी नळकांडी लॅमिंग्टन रोडवरून मागवता येत नाहीत.

नळकांड्यांच्या आधी धूळ निघाली. तिला नुसती धूळ म्हणणं बरोबर नाही. ती या जिल्ह्याची रोजनिशी होती. वरच्या थरात साधी माती, तिच्याखाली गुलाल, ज्योतिबाच्या चैत्र यात्रेतला असणार, कारण इतका गुलाल दुसरीकडे कुणी उधळत नाही. लग्नांतल्या अक्षता, विडीची राख, अर्धं एसटीचं तिकीट. एका फेडरच्या फटीत वाळून कागद झालेली झेंडूची पाकळी. मिस्त्री ब्रशनं सगळं वर्तमानपत्रावर झाडत होते आणि मी त्यांना हळू हळू म्हणत होते. एक हरवलेलं बटण उद्यमनगरात लेथवर कातून घेतलं. कातणाऱ्यानं विचारलं, ‘पंपाचं काय?’ मी हो म्हटलं. त्या गोंगाटात त्याला आवाजाचा समतोल समजावून सांगणं मला शोभलं नसतं.

सगळ्यांत चिवट निघाली ती घरघर. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, आणि यंत्राच्या वीजपुरवठ्यातले कपॅसिटर सुकले की त्याच्या दुपटीचा, शंभराचा, सूर मागं लागून राहतो. मी पेटी काढून तो तपासला. पांढरी पाचच्या किंचित वर. आमच्या भजनी मंडळाला सोयीची पट्टी! म्हणजे कागलपासून गडचिरोलीपर्यंत महावितरण एकाच पट्टीत तंबोरा धरून बसलेलं आहे आणि आपण त्याला बिघाड म्हणतो. अमेरिकेत वीज साठ वेळा हेलकावते; तिथली घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध लटकते, जिथं पेटीला पट्टीच नाही. तिकडच्या नातेवाइकांना सूर लागत नाही अशी आमच्या घरात कुजबुज असते. मी आता त्यांना माफ केलं आहे. मिस्त्रींना हे सांगितलं तर त्यांनी डाग देणं थांबवून विचारलं, ‘मग ठिवू का तसंच, वैनी?’ माणूस रसिक होता. पण मी नको म्हटलं.

काट्यांच्या काचा मात्र साफ केल्याबरोबर जाग्या झाल्या. या काट्यांची पद्धत १९३९ मध्ये अमेरिकेत ठरली, आणि ती ठरवणाऱ्यांनी काटा मुद्दाम थोडा सुस्त ठेवला. आवाज आला की तो सुमारे ३०० मिलिसेकंदांनी आपल्या जागी पोचतो. टाळी वाजते, संपते, आणि मग हा उठून बघतो, काय झालं? आधी मला ते गमतीचं वाटायचं. पुढं लक्षात आलं की बारीकसारीक चटक्यांकडे तो काणाडोळा करतो आणि कानाला एकूण जे जाणवतं तेवढंच सांगतो. एवढ्याशा संथपणावर कितीतरी संसार टिकलेले आहेत.

आता त्या पट्ट्यांकडे येते, कारण एवढा वेळ मी त्यांच्याचभोवती घुटमळते आहे. फेडरांच्या खाली मास्किंग टेपची पट्टी चिकटवून त्यावर कुठला फेडर कुणाचा हे लिहायची रीत असते. कार्यक्रम संपला की पट्टी काढून टाकायची. मामांच्या भावानं ती कधी काढलीच नव्हती. एकीवर दुसरी चिकटवत गेला होता. मी ड्रायरनं ऊब देत एकेक थर सोडवला. सगळ्यांत वर: अध्यक्ष, पाहुणे, आमदार, निवेदिका. त्याखाली: कीबोर्ड, ऑक्टोपॅड, मेल, फिमेल, कोरस. त्याखाली: पेटी, ढोलकी, तुणतुणं, बाई, मावशी. अगदी तळाशी, पिवळ्या पडलेल्या थरावर: बुवा, टाळ, पखवाज. सावकाश, ठाशीव, शाळेत बक्षीस मिळालेलं असावं असं अक्षर. वरून खाली आलं की सभेतून ऑर्केस्ट्रात, ऑर्केस्ट्रातून तमाशात आणि तमाशातून कीर्तनात उतरल्यासारखं वाटत होतं. सगळे बदलत होते. सोळावा फेडर तेवढा प्रत्येक थरात एकच होता: दादा.

दादा म्हणजे आमचे मामा. दुकानाचे थोरले, म्हणून पुकारा करायचा मान त्यांचा. आणि त्या सोळाव्या फेडरच्या बाजूला, अर्ध्याच्याही खाली, पेन्सिलीची एक आडवी रेघ होती. रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: ह्येच्या वर न्हाई.

मिस्त्रींनी फेडर खोलले तेव्हा उरलेली गोष्ट कळली. फेडरच्या पोटात कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून एक नाजूक जीभ घसरत जाते. दांडी जिथं जास्त वावरते तिथली पट्टी झिजते आणि खरखरू लागते. अध्यक्षांची पट्टी वरपासून खालपर्यंत सारखीच झिजली होती; अध्यक्ष कधी माइक गिळतात तर कधी व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दिवा लावतात, त्यांच्यामागं बोट धावत राहतं. पेटीच्या फेडरवर एकाच ठिकाणी खोल चमक होती. पेटी कुठं शोभते याबद्दल या माणसाचं मत कधी हललं नव्हतं. आणि दादांची पट्टी रेघेपर्यंत झिजून चकचकीत, रेघेच्या वर कोरी करकरीत. इतक्या यात्रा, इतकी लग्नं, इतक्या सभा. धाकट्यानं थोरल्याला एकदाही त्या रेघेच्या वर जाऊ दिलं नव्हतं, आणि थोरल्याला त्याचा पत्ता नव्हता. समोरासमोर त्यानं दादांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नसणार. घरोघरी अशा रेघा असतात. आमच्यात त्या पेन्सिलीनं कुणी लिहून ठेवत नाही, इतकंच.

पंधरा फेडर नवे घातले. सोळावा नुसता धुऊनपुसून परत बसवला. मिस्त्रींना ते पटलं नाही, ‘पंधरा नवे नि एक जुना, दिसतंय तरी काय?’ म्हणाले; पण कारण सांगितल्यावर त्यांनी तो इतरांपेक्षा जास्त वेळ पुसला.

मग परीक्षा. अशा यंत्राची परीक्षा म्हणजे एकही माइक न लावता सगळे फेडर वर न्यायचे, हेडफोन कानाला लावायचे आणि काहीच ऐकू येत नाही ना ते ऐकायचं. मिस्त्री डोळे मिटून ऐकत राहिले. मग हेडफोन माझ्या कानाला. घरघर नाही, खरखर नाही. अगदी जीव कानात आणला तर फार दुरून सूं असा एक बारीक आवाज, पण तो दोष नव्हे. रोधकांतले इलेक्ट्रॉन ऊब असेपर्यंत स्वस्थ बसत नाहीत, हे जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्येच दाखवून ठेवलं आहे. खालून मिस्त्रींचा मुलगा चहा घेऊन आला. ‘काय ऐकतासा?’ त्यानं विचारलं. ‘काय न्हाई!’ मिस्त्री म्हणाले, आणि ते इतक्या अभिमानानं म्हणाले की पोरगं चहा ठेवून घाईनं निघून गेलं.

यंत्र घरी आल्यावर मामांना बोलावलं. रेघ दाखवावी की नाही, माझी घालमेल चालली होती. पण त्यांनीच चष्मा पुसून एकेक फेडर न्याहाळला आणि सोळाव्यापाशी थबकले. वाकून वाचलं. परत वाचलं. ‘अक्षर त्येचंच,’ म्हणाले. आणि एकदम गुडघ्यावर थाप मारून हसायला लागले. ‘तरीच म्हंतो! मी हिकडं घसा फोडून घ्यालोय, आन ह्यो बसलाय तिकडं दाबत! बाजारात बायका म्हणायच्या, तुमी किती मऊ बोलतासा ओ मायकात. मला वाटायचं, माझाच गळा ग्वाड!’ हसता हसता त्यांनी डोळे पुसले, पण ते काही फार लपवून नव्हे.

माइक लावून मी त्यांच्या हातात दिला. फेडर रेघेपर्यंत नेला. आज थोडा वर सरकवावा असं बोटाला वाटलं, तोच मामांनी ‘ह्यॅलो’ म्हटलं. रेघेवर असूनही काटा थेट तांबड्या पट्ट्यात गेला आणि खिडकीची काच झणझणली. आतल्या खोलीतून आमच्या ह्यांनी काय पडलं म्हणून विचारलं. धाकट्याचा कान पक्का होता. मी बोट काढून घेतलं.

मामांनी माइक हनुवटीपासून हातभर लांब धरला, छाती भरून घेतली, आणि कुठल्या तरी चैत्रातला पुकारा जसाच्या तसा त्यांच्या तोंडून सुरू झाला. ‘ह्यॅलो, ह्यॅलो. एक लहान मुलगा, वय अंदाजे तीन वर्षं, अंगात निळा सदरा, हातात पिपाणी, आपलं नाव सांगत न्हाई, फकस्त रडतोय. ज्यांचा असंल त्यांनी स्टेजजवळ यावं.’ तीनदा सांगितलं. यात्रेत तीनदाच सांगायचं असतं.

दार ढकलून शेजारच्या काकू आत आल्या. हाताला पीठ, चेहरा घाबरा. ‘कुणाचं पोरगं हरवलंय ओ?’

मामांनी माइक न सोडता त्यांच्याकडे पाहिलं. ‘सापडलंय,’ ते म्हणाले. ‘हितंच बसलंय. चहा पाजलाय त्येला. घिऊन जावा.’